माथेरानचा चढ आणि तो चढवणारी माणसे



वसंत ऋतू आला म्हणजे आपल्याकडे दोन गोष्टींचा हंगाम सुरू होतो. एक व्याख्यानांचा आणि दुसरा थंड हवेच्या ठिकाणांचा. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्या काळी मुंबई इलाख्याचे वरिष्ठ अधिकारी उन्हाळ्याचे दिवस महाबळेश्वरी काढीत आणि मुंबईचे धनिक माथेरानची वाट धरीत. गावात राहिलेल्यांनी विचार ऐकावेत व गाव सोडून जाऊ शकणाऱ्यांनी हवा खावी, अशी ही वाटणी होती. आज ती राहिलेली नाही. या सभागृहातील बहुतेकांनी केव्हा ना केव्हा डोंगरावर चार दिवस काढले असतील. म्हणूनच एक साधा प्रश्न विचारावयास आता हरकत नाही. ज्या गावी आपण हवा खायला जातो, ते गाव स्वतः काय खाते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही माथेरान निवडले आहे. त्याला कारण आहे. पुष्कळ गावे शेतीवर, बाजारावर किंवा देवस्थानावर आधी वसली आणि पाहुणे तेथे मागाहून आले. माथेरानचे तसे नाही. तेथे शेत नाही, मोठी बाजारपेठ नव्हती, क्षेत्राचे माहात्म्य नव्हते. ते गाव पाहुण्यांसाठीच वसले. त्यामुळे पाहुण्यांच्या येण्याजाण्याने गावाचे काय होते हे पाहावयाचे असेल, तर इतके स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. सुमारे ८०० मीटर उंचीचा हा सपाट माथा, चारी बाजूंनी कडे तुटलेले, वर दाट झाडी आणि पायाखाली तांबडी माती. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा १८५० च्या मे महिन्यात पायथ्याच्या चौक गावाकडून हा डोंगर चढून गेला. त्याला तेथील हवा व सावली आवडली, पुढे त्याने तेथे घर बांधले, आणि पुस्तकांतून 'माथेरानचा शोध १८५० साली लागला' असे वाक्य रूढ झाले. शोध हा शब्द येथे जपून घेतला पाहिजे. ठाकूर, कातकरी आणि धनगर यांना हा डोंगर ठाऊक होता. त्याच्या वाटा त्यांच्या पायांनी पडलेल्या होत्या. नवे जे घडले ते इतकेच की, ज्याच्या हाती सत्ता होती आणि ज्याच्या जातभाईंना उन्हाळा सोसवत नव्हता, असा मनुष्य त्या वाटेने प्रथम वर गेला. १८७१ साली डॉ. स्मिथ नावाच्या इंग्रज गृहस्थांनी या डोंगरावर एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच डोंगरावरील माणसे, वनस्पती व प्राणी अशी तिघांची एकत्र मांडणी आहे. नव्या पाहुण्यांची दृष्टी त्या मांडणीत पुरती दिसते. डोंगरावरचा मनुष्य हा डोंगराच्या वर्णनाचा भाग होता. डोंगर त्याचा आहे, ही गोष्ट कोणाच्या मनातही नव्हती.

मॅलेटनंतर गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या जागेला आश्रय दिला. रस्ते आखले गेले, बंगल्यांसाठी जागा दिल्या गेल्या. त्याच दशकात लोहमार्ग नेरळवरून पुढे गेला आणि मुंबईचा मनुष्य काही तासांत डोंगराच्या पायथ्याशी येऊ लागला. पुढचा चढ मात्र राहिलाच. माथेरानचा सारा सामाजिक इतिहास या चढात आहे असे आम्हांस वाटते. कारण ज्याला थंड हवा हवी होती त्याला चढ नको होता, आणि म्हणून त्याला चढवणारा कोणीतरी लागला. कोणी तट्टू धरले, कोणी पालखीला किंवा खुर्चीला खांदा दिला, कोणी डोक्यावर ट्रंका घेतल्या. बंगला वर बांधावयाचा तर चुना, लोखंड, कौले हे सर्व खालून न्यावे लागे. साहेबाच्या जेवणातील मिठापासून त्याच्या निजण्याच्या गादीपर्यंत एकूण एक वस्तू कोणाच्या तरी पाठीवरून वर गेली. डोंगरावर जी वस्ती झाली ती या पाठीवर झाली.

या वस्तीला आणखी एक गोष्ट चिकटली, ती म्हणजे हंगाम. पावसाळ्यात माथेरानावर धो धो पाऊस कोसळतो. जुन्या काळी बंगल्यांची दारे मिटत आणि मालक खाली उतरत. मग उरत ते राखणदार आणि गावकरी. शेतकऱ्याच्या वर्षात जो पाऊस पेरणीचा, तोच माथेरानकराच्या वर्षात उपासाचा. उन्हाळ्याचे दोन महिने आणि दिवाळीच्या आसपासचे दिवस, एवढ्या मिळकतीवर बारा महिने ढकलावयाचे, अशी ही जीवनाची रीत ठरली. पाहुण्यांवर जगणाऱ्या प्रत्येक गावाच्या गळ्यात हा फास थोडाफार असतो. माथेरानात शेतीचा आधार नसल्यामुळे तो अधिक आवळलेला होता.

संस्कृतीवर काय परिणाम झाला, हे पाहावयाचे असेल तर डोंगराच्या कड्यांची नावे वाचावीत. पॅनोरमा, लुईझा, अलेक्झांडर, हार्ट, पॉर्क्युपाइन. कडा उभा राहून पाहण्याची जागा झाली आणि 'पॉईंट' हा शब्द मराठीत असा रुळला की आज ठाकराचे पोरही तो सहज उच्चारते. परंतु जुने सर्व पुसले गेले असे मात्र नव्हे. गारबट, रामबाग, चौक ही नावे त्याच यादीत टिकून राहिली. शार्लोट तलावाच्या काठी ग्रामदैवत पिसारनाथ आहे. पाहुणा तलावावर जातो आणि गावकरी पिसारनाथाला जातो. पाऊलवाट एकच, पण जाणे दोन प्रकारचे. अशी दुहेरी नावे व दुहेरी वाटा ज्या गावात असतात, त्या गावाची संस्कृती मेलेली नसते. ती दुकानाच्या मागल्या खोलीत राहावयास गेलेली असते, एवढेच.

आता आगगाडीकडे वळू. मुंबईचे बोहरी उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या खटपटीतून १९०१ ते १९०७ या काळात नेरळ-माथेरान लोहमार्ग बांधला गेला. रुळांतील अंतर अवघे दोन फूट, लांबी सुमारे २० किलोमीटर, आणि चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट. सोळा लाख रुपये खर्च आला असे सांगतात. तीव्र वळणे घेता यावीत म्हणून खास आखणीची इंजिने जर्मनीहून आणली. एका हिंदी कुटुंबाने स्वतःच्या हिमतीवर हे काम तडीस नेले, याचा आपणांस अभिमान वाटणे योग्यच आहे.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. गाडीमुळे चढ सोपा झाला आणि मध्यम स्थितीतील कुटुंबेही वर येऊ लागली. पाहुण्यांची संख्या वाढली, खानावळी व हॉटेले वाढली, दुकाने वाढली. मात्र नेरळपासून वरपर्यंत पालखीला खांदा देण्याचे जे काम होते ते गाडीने घेतले. खांदेकऱ्याचे काम स्टेशनापासून बंगल्यापर्यंतच्या टप्प्यात आकसले. त्याच टप्प्यावर घोडा आणि माणसाने ओढावयाची रिक्षा यांचे राज्य झाले. चढ सोपा करणारे प्रत्येक नवे साधन पाहुण्यांसाठी दार उघडते आणि त्याच वेळी चढवणाऱ्यांपैकी कोणाला तरी दाराबाहेर ठेवते, हे येथे प्रथम ठळक दिसते. गाडी नको होती असे आमचे म्हणणे नाही. ती येताना खांदेकऱ्याचे काय, हा प्रश्न कोणी मांडल्याचे दिसत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

गावकरी केवळ भारवाहू होऊन राहिले, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. याच माथेरानात १ डिसेंबर १९१२ रोजी एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. हेच पुढे भाई कोतवाल म्हणून प्रसिद्ध झाले. पाहुण्यांच्या गावात न्हाव्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा शिकून वकील झाला. माथेरान नगरपालिकेत निवडून गेला व तिचा उपाध्यक्ष झाला. अशा बुद्धिमान तरुणाला बंगल्यांच्या आश्रयाने सुखाने राहता आले असते. त्यांनी मात्र कड्यावरून खाली पाहिले. पर्यटकाला तेथून देखावा दिसतो. कोतवालांना सावकाराच्या कर्जात बुडालेली कर्जत भागातील कुळे व आदिवासी दिसले. अडल्यानडल्या शेतकऱ्याला सावकाराकडे जावे लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्यांची योजना केली आणि खेड्यापाड्यांतून शाळा काढल्या. १९४२ च्या लढ्यात त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात त्यांना व हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले.

माथेरानची कथा सांगणारी मार्गदर्शक पुस्तके मॅलेटचे नाव पहिल्या पानावर देतात. कोतवालांचे नाव कोठेतरी मागे येते. आमच्या मते हा क्रम उलटा असावयास हवा. कारण मॅलेटने हा डोंगर मुंबईस जोडला आणि कोतवालांनी तो आपल्याच पायथ्याशी जोडला. पर्यटनाच्या गावापुढे हे दोन्ही रस्ते नेहमी असतात. दूरच्या शहराशी नाते जोडता जोडता शेजारच्या खेड्याशी नाते तुटणे हा अशा गावांचा खरा धोका आहे. माथेरानच्या बाजारात आज चिक्की मिळते. तिचा शेंगदाणाही वर पिकत नाही आणि गूळही वर होत नाही. पायथ्याच्या पाड्यांतून डोक्यावर टोपली घेऊन चढून येणाऱ्या बाईची करवंदे व जांभळे मात्र याच डोंगराची असतात. पाहुण्याचा रुपया कोणत्या टोपलीत पडतो यावरून त्या रुपयाचा डोंगराला किती उपयोग झाला हे ठरते.

या संदर्भात महाबळेश्वराची थोडी तुलना उपयोगी पडेल. तेथे कृष्णेच्या उगमाचे क्षेत्र फार पूर्वीपासून होते आणि यात्रेकरू येतच होते. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास साताऱ्याच्या छत्रपतींकडून जागा मिळवून शेजारी नवी पेठ वसवली, ती माल्कमपेठ. इंग्रज अमलात तेथे ठेवलेल्या चिनी कैद्यांच्या हातून बटाटे व परदेशी भाजीपाला पिकू लागला. साहेबाच्या ताटासाठी आलेली ही लागवड हळूहळू आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या हाती गेली. तेथील स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. म्हणजे पाहुण्यांच्या आवडीला तेथे मातीत मूळ धरता आले आणि आता पाहुणा आला नाही तरी फळ बाहेरगावी विकले जाऊ शकते. गर्दी, बांधकामे, पाण्याची ओढ ही दुखणी महाबळेश्वरासही आहेतच. पण तेथे निदान शेतकरी आपल्या मालाचा मालक आहे. माथेरानचा मनुष्य पाहुण्याला विकतो तो मुख्यतः आपला घाम.

म्हणूनच रस्ता बंद पडला की माथेरानचा श्वास कोंडतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत लोहमार्ग वाहून गेला व २००७ पर्यंत गाडी बंद राहिली. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरल्यावर ती पुन्हा थांबली. २०१९ च्या पावसाने मार्ग पुन्हा उखडला आणि नेरळहून थेट गाडी सुरू होण्यास २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. मध्यंतरी २०२० साली टाळेबंदी झाली आणि पाहुणा दिसेनासा झाला. घोड्याला मात्र चारा रोज लागतो. एकाच मिळकतीवर सारे गाव उभे असणे म्हणजे काय, हे त्या वर्षी देशातील सर्वच पर्यटनस्थळांना कळले. माथेरानला ते प्रत्येक पावसाळ्यात कळत आले होते.

आता या कथेच्या अलीकडच्या आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाच्या प्रकरणाकडे येऊ. माथेरानात मोटारींना बंदी आहे. खालून येणारा मोटाररस्ता दस्तुरी नाक्यापाशी संपतो. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हा या बंदीला अधिक बळ आले. या बंदीने डोंगराची शांतता राखली, झाडी राखली, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. किंबहुना पाहुण्याला सावली हवी होती म्हणूनच येथील वृक्ष वाचले, हे पर्यटनाचे ऋण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सह्याद्रीचे कितीतरी माथे याच काळात उघडेबोडके झाले आहेत.

पण या शांततेची किंमत कोण देत होते? दस्तुरीपासून बाजारापर्यंतचा अडीच-तीन किलोमीटरांचा रस्ता पाहुण्याने चालावा, घोड्यावर बसावे, छोट्या गाडीत जागा मिळवावी, नाही तर हातरिक्षा करावी. हातरिक्षेत एक मनुष्य पुढून ओढी आणि चढावर एक-दोघे मागून ढकलीत. त्या तांबड्या चढावर धापा टाकीत माणसाने माणसाला ओढून न्यावे, ही गोष्ट स्वतंत्र भारतात पाऊणशे वर्षे चालली. गावातील म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना व शाळेत जाणाऱ्या मुलांनाही हाच रस्ता तुडवावा लागे. मोटार नसणे हे पाहुण्याच्या दृष्टीने दोन दिवसांचे सुख होते. गावकऱ्याच्या दृष्टीने ते रोजचे ओझे होते.

मग हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांचे मागणे साधे होते. आम्हांला विजेवर चालणारी रिक्षा द्या. २०२२ साली न्यायालयाने प्रयोगाला परवानगी दिली आणि त्या वर्षाच्या अखेरीस ई-रिक्षा डोंगरावर धावली. घोडेवाल्यांनी विरोध केला आणि त्यांचे भयही खोटे नव्हते. १९०७ साली पालखीवाल्याला जे भोगावे लागले, तेच आता आपल्याला भोगावे लागेल असे त्यांना वाटले. रस्त्यावर फरशी बसवावी की नाही, हाही वाद पेटला. टापांखाली मोकळी झालेली माती पावसात वाहून जाते, हे एका बाजूचे म्हणणे. फरशी आली की तिच्यामागून मोटार येईल, हे दुसऱ्या बाजूचे. दोघेही डोंगराच्या हिताची भाषा बोलत होते आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते.

सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या वीसवर मर्यादित ठेवली आणि त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात असा आग्रह धरला. त्यानंतर ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढणे हे मानवी प्रतिष्ठेस काळिमा आहे, ही प्रथा सहा महिन्यांच्या आत बंद करावी आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना राज्य सरकारने करावी, असा त्याचा आशय होता. ई-रिक्षा सरकारने घेऊन खऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात, त्यातून उरल्यास आदिवासी स्त्रियांना व इतर गरजूंना द्याव्यात, आणि पैसा नाही ही सबब सांगू नये, असेही त्यात म्हटले आहे.

या निकालाकडे आम्ही केवळ एका वाईट प्रथेचा अंत म्हणून पाहत नाही. इतिहासाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे. १८५० नंतर या डोंगरावर चढण्याची जी जी साधने आली, ती पाहुण्याच्या सोयीसाठी आली. ती आणताना चढवणाऱ्याला कोणी विचारले नाही. नवे साधन चढवणाऱ्याने स्वतः मागितले आणि ते त्याच्याच हाती राहिले पाहिजे असे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने सांगितले, हे या निमित्ताने प्रथमच घडले. ओढणारा चालक व्हावा, एवढी ही लहानशी गोष्ट आहे. पण तिच्यासाठी १७५ वर्षे लागली.

पर्यटन गावाला तारते की मारते, असा प्रश्न व्याख्यानाच्या शेवटी विचारण्याची पद्धत आहे. माथेरानच्या इतिहासावरून त्याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. पर्यटनाने तेथे रान राखले, पोट भरले आणि बाहेरचे जग आणले. त्यानेच गावाला हंगामाचा गुलाम केले आणि माणसाला जू लावले. उत्तर ठरते ते मालकीवर. रस्ता, गाडी, रिक्षा, दुकान, पाणी यांवर गावकऱ्याचा हक्क किती, हे एकदा तपासले की पर्यटनाचा नफातोटा आपोआप कळतो. कोकणच्या किनाऱ्यावर, गडकिल्ल्यांच्या पायथ्याशी आणि धरणांच्या काठी आज नवी नवी ठिकाणे वसत आहेत. कोठे रज्जुमार्गाची, कोठे रुंद रस्त्याची, कोठे मोठ्या हॉटेलाची चर्चा असते. त्या प्रत्येक ठिकाणी माथेरानचा अनुभव समोर ठेवावा. नवे साधन येण्यापूर्वी, काल ज्याच्या खांद्यावर ओझे होते तो उद्या कोठे असेल, हे आधी विचारून घ्यावे. त्याचे उत्तर लेखी मिळाल्यावर मग पाहुण्यांच्या स्वागताची कमान उभारावी.